डांबरगोळ्यांची ट्रंक

मंगळवार, संध्याकाळ. देवळाली कॅम्प.

नातू दवाखान्यात निळ्या दिव्याखाली. हळदीसारखा पिवळा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळाचे कपडे कशात ठेवले होते?" ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून. काही बाळांचं रक्त त्या वासानं बिघडून कावीळ होते म्हणे.

पहिलं झबलं जुनंच हवं, म्हणून लेकीचं मीच हौसेनं काढलं. ट्रंकेत गोळ्या खडखडल्या. लेक म्हणाली, "बाबा, वास मारतोय, धुऊया ना." मी हसलो, "अगं, याच वासात तू वाढलीस!" दुकानात गिऱ्हाइकाची कुजबूज ऐकतो मी, मग पोरीचं का नाही ऐकलं?

गोळ्या फेकल्या, झबली धुतली, ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घातला. खडखड काही कानातून जात नाही.

आज बाळ रडलंच नाही. रड रे राजा, मला ऐकू येईल असं रड.