चार वाक्यांची मुलगी

४ सप्टेंबर
पोचले एकदाची! खोली झकास आहे. भिंतभर खिडकी, तिच्याखाली हीटर, दोन पलंग, दोन टेबलं, आणि कपाट एवढं ऐसपैस की माझ्या दोन्ही बॅगा गिळून वर जागा उरली. एक सेमिस्टर परदेशात, म्हणजे एक सेमिस्टर काकूची बोलणी नाहीत, शेजारणीचं डोकावणं नाही आणि दुपारी झोपलं की कुणी पडदे सरकवणार नाही. ही वही मावशीने विमानतळावर हातात कोंबली. मराठीत लिहीत जा, नाहीतर विसरशील, म्हणाली. मराठी म्हणजे जणू छत्री, बसमध्ये विसरून यायला!

वसतिगृहाच्या रेक्टरबाई दाढ दुखत असल्यासारख्या हसतात. त्यांनी सगळे नियम समजावले. मी मान डोलावली आणि एकही ऐकला नाही.

खोलीत आणखी एक मुलगी आहे, माझ्यासारखीच बाहेरून एका सेमिस्टरसाठी आलेली. देशाचं नाव सांगितलं तिने, पण लक्षात ठेवायचे कष्ट कोण घेणार? फिकट, संथ, बोलताना जमिनीकडे बघणारी. मी तिचं नाव गोगलगाय ठेवलं. अर्थ विचारला तर 'राणी' म्हणून ठोकून दिलं. बिचारी लाजली.

१९ सप्टेंबर
प्राध्यापक स्वतःच्याच विनोदावर हसतात आणि वर्गातले बैल माना हलवतात. यासाठी मी एवढा प्रवास केला.

त्यात आईचा रोजचा फोन. व्हिडिओ लावते, पण फोन ओट्यावर डब्याला टेकवलेला, स्पीकरवर. मला दिसतं छत आणि कधीतरी तिचं कोपर. ती भाजी चिरता चिरता चार प्रश्न विचारते. जेवलीस का? झोप होते ना? थंडी फार आहे का? अभ्यास चालू आहे ना? उत्तर ऐकायची गरज तिला नसतेच. काल मी म्हटलं, विटा खाल्ल्या. म्हणाली, बरं, वर दूध घे. अशा बाईला मुलगी कशाला हवी? चार वाक्यं पुरतील.

२ ऑक्टोबर
आणि चार वाक्यं दिलीच! गोगलगायीला आठवडाभर शिकवली. हो गं आई, जेवले. झोप होते. थंडी फार नाही. अभ्यास चालू आहे. शिकताना ती मी लिहून दिलेल्या कागदाकडे नाही, माझ्या ओठांकडे बघत होती. आज फोन आला तेव्हा मी तो उलटा करून तिच्या हातात दिला. तिने चारही वाक्यं बिनचूक म्हटली. आई म्हणाली, आज कशी गोड बोललीस. मी उशीत तोंड खुपसून हसले.

१५ ऑक्टोबर
आता फोन तीच घेते. मी वर्गातल्या टोळक्याबरोबर दुपारभर कॉफी पीत बसते. नऊ महिने पोटात वाढवलं म्हणून जी उठताबसता ऐकवते, तिला पलीकडे कोण आहे ते कळत नाही. धन्य ती माउली.

३० ऑक्टोबर
आज लवकर परतले. दाराबाहेरून ऐकलं. गोगलगाय म्हणत होती, 'गुडघा कसा आहे गं आता?'

हे मी शिकवलेलं नाही. आईचा गुडघा दुखतो हेच मला माहीत नव्हतं. जाब विचारला तर जमिनीकडे बघत म्हणाली, आईने शिकवलं. कुणाची आई, असं विचारणार होते. राहून गेलं.

१४ नोव्हेंबर
आता ती रेक्टरबाईंची नक्कल करते. माझंच हसू हसते. मी लहानपणी पेरूच्या झाडावरून पडले होते ते तिला माहीत आहे, आणि सांगताना कोपर चोळते. माझं कोपर दुखायचं थांबलंय.

रेक्टरबाईंबद्दल काहीतरी झणझणीत लिहायचं होतं. शब्द सापडेना. त्या हसतात ते— काय दुखल्यासारखं? पहिलं पान उघडून बघितलं. दाढ. हो, दाढ.

२८ नोव्हेंबर
फोन तिच्या हातातून हिसकावला. आई, मी बोलतेय, म्हटलं.

पलीकडे चिरणं थांबलं. मग आई अदबीने म्हणाली, 'तुम्ही तिच्या खोलीतल्या ना? ती सांगत असते तुमच्याबद्दल. मराठी छान शिकलात हो.'

तुम्ही. आई मला तुम्ही म्हणाली.

९ डिसेंबर
आज आईला फोन हातात घ्यायला लावला. चष्मा घाल म्हटलं. आम्ही दोघी शेजारी बसलो, चेहऱ्याला चेहरा लावून. आईने नीट बघितलं, पहिल्यांदाच बघितलं, आणि तिला म्हणाली, 'किती बारीक झालीस गं.' मग बाबांना बोलावलं. बाबांनी मला नमस्कार केला.

मला भीती वाटते. आंधळी आहे का ही बाई— नाही. आई आहे. माझी आहे.

१७ डिसेंबर
ती माझ्या बॅगा भरतेय. तिकीट माझं. विमानतळावर आई येणार, ती माझी. पासपोर्टातला फोटो बघितला आणि लगेच मिटला.

रेक्टरबाईंकडे धावले. सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला तोंड उघडलं, आणि— हो गं आई, जेवले. पुन्हा उघडलं. झोप होते. त्या हसल्या, ते काहीतरी दुखल्यासारखं.

२० डिसेंबर
गेली. माझा कोट घालून. जाताना माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, रडू नकोस गोगलगाय. गोगलगाय म्हणजे राणी, म्हणाली.

खिडकीतून हाका मारल्या. टॅक्सी थांबली नाही. मी काय ओरडत होते ते मला ऐकू आलं— थंडी फार नाही, थंडी फार नाही—

२१ डिसेंबर
आता ती पोचली असेल. आई तिला जवळ—

फक्त लिहिता येतंय. तेही निसटतंय. आई, मला घरी यायचंय. तू विचार ना काहीतरी, कोपराबद्दल, पेरूबद्दल, मी सगळं— माझं नाव लिहून ठेवते. कुणी वाचलं तर आईला कळवा. माझं नाव

हो गं आई, जेवले.

नाही. माझं नाव

झोप होते. थंडी फार नाही. अभ्यास चालू आ—