तीनशे तारखा तयार

सोमवार, ३ मार्च
कायमची जागा एकच, उमेदवार दोघे: मी आणि मावसभाऊ. तीनशे लिफ्टच्या पुढच्या तपासणीच्या तारखा काढणारा प्रोग्राम जो चांगला लिहील, त्याला ती मिळणार. मावसभावाकडे डिग्री आहे. मी कॉलेज अर्धवट सोडलं ते स्वतःच्या मर्जीने. निकालही त्याच दिवशी लागला, हा योगायोग. माझं स्पेलिंग मात्र कधी चुकत नाही.

मंगळवार
ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, प्रोग्रामची ही भाषा आळशी आहे. मागितल्याशिवाय काहीच करत नाही. मावसभाऊ म्हणाला, म्हणजे आमच्या दादासारखी. मॅडम हसल्या. त्याच्या विनोदांना त्या नेहमीच हसतात. मी मनावर घेतलं नाही. दिवसभर काम झालं नाही, ते एसीमुळे.

गुरुवार
यादी तयार. तारीख काढायचा हिशेब तेवढा राहिलाय. त्या जागी ‘अनडिफाइन्ड’ लिहून ठेवलं, म्हणजे मागाहून बघू. उद्या नक्की.

शुक्रवार
मावसभाऊ नवा शर्ट घालून आला. काय गरज? त्याच्या मागे उभं राहून स्क्रीन पाहिली. काही कळलं नाही, म्हणजे गचाळच लिहिलं असणार. हिशेब सोमवारी.

सोमवार, १० मार्च
कमाल! यादीत तारखा किती, असं मशीनला विचारलं. क्षणात उत्तर: तीनशे. एकही एरर नाही. म्हणजे हिशेब मी लिहिलाच असणार, आठवत नाही इतकंच. मावसभावाचा प्रोग्राम चार-चार मिनिटं दळत बसतो. बिचारा! आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, एकदा त्याला दाखवून घे. त्याला!

मंगळवार
डेमो. तीनशेचा आकडा दाखवला. पहिली टाळी मावसभावाने वाजवली. जळफळाट लपवायची त्याची ही रीत. मग मॅडम म्हणाल्या, आता पहिली तारीख दाखवा.
प्रोग्राम बंद पडला. दुसरी मागितली, तेच. शेवटचीही तीच गत.
मावसभावाने सगळ्यांसमोर समजावलं: दादा, ही आळशी भाषा नुसते डबे मोजते, मागितल्याशिवाय झाकण उघडत नाही. तुझे सगळे रिकामे आहेत. वर म्हणाला, ‘अनडिफाइन्ड’चं स्पेलिंग मात्र अचूक आहे हं.
मॅडम हसल्या.

बुधवार
उद्यापासून मावसभावाच्या हाताखाली. मला वाईट वाटलेलं नाही. त्याला अनुभवी माणूस लागणारच होता.
आईला फोन करून एवढंच सांगितलं, की आपल्यातल्या एकाला कायम केलं. कोणाला, हे तिने विचारलंसुद्धा नाही. मावशीचं अभिनंदन करायचंय म्हणाली आणि फोन ठेवला.