आईची साक्ष

सोमवार, ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. चर्चची मंडळी तुला पाळकसाहेब म्हणतात, मला ते जमणार नाही. तुझं नाक मी पुसलंय.

इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. माझं काज-बटणांचं मशीन चालू आहे, तुझ्या भावोजींचा खोकलाही चालू आहे. तुमच्या मंडळीला आता लग्नाचा हॉलसुद्धा पुरत नाही म्हणे. आमच्याच पुढच्या खोलीत चार डोकी आणि एक उसनी ढोलकी घेऊन प्रार्थनासभा सुरू केली होतीस, शेजारीण भिंत ठोकायची. आनंद आहे.

मोठ्या पडद्यावर आईच्या साक्षीचा व्हिडिओ अजून दाखवतोस असं कळलं. तू तिच्या दुखऱ्या पोटावर हात ठेवलास, कुणालाच न कळणाऱ्या त्या 'अन्य भाषेत' प्रार्थना केलीस, ती मागे कोसळली, उठली आणि माइकवर म्हणाली, "मी बरी झाले." लोक रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू. तेव्हा तिला खरंच हलकं वाटलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात ती पोट धरून वाकून चालायला लागली.

तुमच्यात दुखणं तोंडाने बोलायचं नसतं. बोललं की विश्वास कमी पडला. आई हा नियम तुझ्याहून कडक पाळते. परवा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून विचारलं, "आजी, इथे दुखतं?"

"नाही. बरी आहे."

"आणि इथे?"

"प्रभूने बरं केलंय मला."

चादरीखाली तिच्या पायाची बोटं आवळलेली मला दिसत होती. मी मध्ये बोलले, तर म्हणाली, "हिला सवयच आहे वाढवून सांगायची." बाईंनी 'तक्रार नाही' असं लिहून आम्हाला घरी पाठवलं.

घरी ती न्हाणीघरात जाते, नळ पूर्ण सोडते आणि कण्हते. बादली भरून वाहते तरी नळ बंद होत नाही. काल मी दार ढकललं. म्हटलं, "आई, नळाच्या आवाजात प्रभूला ऐकू येत नाही का?"

"त्याला ठाऊक आहे गं," ती म्हणाली. "मी दुखतं म्हटलं तर पोराची प्रार्थना खोटी पडेल. मग त्याच्या हॉलात कोण उभं राहील?"

ऐकलंस? तुझा हॉल भरलेला राहावा म्हणून ती कळ सोसतेय. मला तुझा राग येतो. देवाचा येत नाही, त्याला यात कुणी विचारलंच कुठे.

गुरुवारी पुन्हा नंबर लावलाय. तू ये. प्रार्थनेच्या तेलाची बाटली आणू नकोस, कॅमेरेवाला आणू नकोस. बाईंसमोर तिच्या उशाशी बस आणि विचार, "आई, कुठे दुखतं?" मी विचारून दमले. तू मोकळीक दिल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही. "बरी आहे" म्हणाली, तर परत विचार.

नाहीच जमलं, तर रविवारी पडद्यावर लाव तिला. तिथे ती बरी आहे.

इकडे बरं नाही.

तुझी,
ताई