बावखल बुजवू नकोस

अल नहदा, शारजा
१४ जानेवारी २००२

प्रिय विली,
तुला, मर्सीला आणि आईला प्रेमाची आठवण.

आज पहाटेपासून पाऊस पडला आणि मी दुबईला ऑफिसात उशिरा पोहोचले. तब्येत चांगली आहे, साधी सर्दीही नाही, असं आईला सांग.

मी आले तेव्हा इथे नुसती वाळू होती. आता जिकडेतिकडे टॉवर आणि डांबर. थोड्याशा पावसानेही पाणी रस्त्यात उभं राहतं, मग टँकर पाइप टाकून ते उपसतात. आमचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, दुबई जाना है तो नाव मंगाओ, यल्ला!" मला हसू आलं नाही. वाडीतलं आपलं बावखल आठवलं. एवढंसं तळं, पण पावसाळ्यात अख्ख्या आळीचं पाणी ते पोटात घेतं आणि उन्हाळ्यात पप्पा त्याच पाण्यावर केळी जगवायचे.

तू लिहितोस, ते बुजवून बिल्डरला दिलं तर दोन फ्लॅट मिळतील, आणि शारजात राहणारीने तरी प्रगतीला नाही म्हणू नये. शारजात राहते म्हणूनच नाही म्हणते. पप्पांच्या मातीला मला सुट्टी मिळाली नाही. आता त्यांचं बावखलही माझ्या पाठीमागे गाडलं जाणार नाही. मी सही करणार नाही, विली. रागाव हवं तर, पण बिल्डरला तसं स्पष्ट सांग.

आईचा गुडघा कसा आहे? पप्पांच्या महिन्याच्या मिस्साला माझ्या नावाची मेणबत्ती लावशील ना?

बूट चिखलाने भरलेत. धुऊन गॅलरीत ठेवते. सकाळी पुन्हा त्याच पाण्यातून जायचंय.

तुझी बहीण,
सोफिया