दाखवायचे पैसे आणि भरायचे पैसे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, चष्म्याच्या कारागिराची विधवा, हे मृत्युपत्र माझ्या समजुतीने आणि माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय मात्र थकले आहे असे तेच डॉक्टर म्हणतात, म्हणून घाई. मला कोणी फूस लावलेली नाही. शाळेत मी गेले नाही. दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यावर अक्षरे शिकले, मोठ्यापासून बारीकपर्यंत, आणि पुढे हाताला लागेल ते वाचत गेले.

कलम एक. माझी वारस माझी सून. मुलगा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, त्याच्यामागे हे गेले. तिच्या माहेरचे तिला न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "गिऱ्हाइकांचे चष्मे द्यायचे राहिलेत, ते देऊन येते." ते चष्मे अजून देऊन झालेले नाहीत. भिंग घासायला ती यांच्याकडूनच शिकली होती. दुकान तिने एक दिवस बंद पडू दिले नाही. पण भिंग बदलूनही ज्यांना दिसत नाही त्यांचे काय, हा प्रश्न तिला गप्प बसू देईना. डोळ्यांचे पुरे शिक्षण घ्यायचे तिने ठरवले. इथल्या कॉलेजाने वय जास्त म्हणून परत पाठवले. परदेशातल्यांनी वय विचारले नाही, फक्त पैसे विचारले. बाहेरून येणाऱ्यांना फी तिप्पट. मी म्हटले, "त्यांच्या मुलांना दोन डोळे शिकवतात आणि तुला सहा शिकवणार का?" ती म्हणाली, "आई, हसवू नका, अर्ज चुकेल."

कलम दोन, माझ्या धाकट्या दिरांविषयी. व्हिसासाठी वर्षभराची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च खात्यात पडून असलेला दाखवावा लागतो. एवढी रक्कम आमच्याकडे एकाच वेळी कधीच नव्हती. भावजींनी ती आमच्या खात्यात ठेवली. व्हिसा हातात पडताच बँकेच्या व्याजासकट परत गेली. पोचपावती वकीलबाईंकडे आहे. तेव्हापासून दर लग्नात भावजी सांगतात, "पोरीला परदेशात मी पाठवली." मिरवण्याची हौस म्हणून मी ऐकून घेतले. आता मात्र ते म्हणतात, "वहिनी, फी मी भरली, तेव्हा गाळ्यात माझा वाटा." म्हणून लिहून ठेवते. दाखवायचे पैसे त्यांचे होते. भरायचे पैसे आमचे. पहिल्या वर्षी आमच्या दोघींचे दागिने गेले. दुसऱ्या वर्षी तिने शिष्यवृत्ती मिळवली, उरलेले वरच्या खोलीच्या भाड्यातून गेले. यंदा ती वर्ग संपल्यावर कॉलेजच्या वाचनालयात काम करते, कायदा परवानगी देतो तेवढेच तास. चौघींत एक स्वयंपाकघर आहे. फोनवर विचारले, "काय जेवलीस?" म्हणाली, "अंडी." "आणि काल?" "कालची अंडी वेगळी होती, आई." अशा पोटाने ती वर्गात दुसरी आली. घरातल्या कुणाचेही, माझ्या नवऱ्याचे आणि मुलाचे धरूनसुद्धा, मला इतके कौतुक वाटलेले नाही.

कलम तीन, शेवटच्या वर्षाची फी. ठेव आम्हा दोघींच्या नावावर आहे, कुणाही एकीच्या सहीने निघेल. ती पुरणार नाही. पूर्वी मी पेपरात आधी निधनवार्ता बघत असे, आता चलनाचा भाव बघते, आणि दोन्हींत जाणाऱ्यांचीच बातमी असते. तूट भरायला खालचा गाळा विकावा. तो यांनी स्वतःच्या कमाईतून घेतला, वडिलोपार्जित नाही. त्यावर भावजींचा किंवा इतर कुणाचा हक्क नाही. विक्री कुणी अडवली तर फीची तारीख उलटेल, तिची जागा जाईल, आणि तीन वर्षांचे कष्ट पाण्यात जातील. वरची घराची जागा सुनेची. भाडेकरू नर्सला हवे तितके दिवस त्याच भाड्यात राहू द्यावे.

वकीलबाईंनी इथे "पदवी पूर्ण केल्यास" असे शब्द घातले होते. मी ते खोडले. त्या म्हणाल्या, "आजी, उद्या नापास झाली तर?" मी म्हटले, "मग घराची जास्त गरज पडेल." "आणि तिकडेच लग्न केलं तर?" "तर हे घर माझा आहेर समजा." त्यांनी पेन खाली ठेवले आणि चहा मागवला.

कलम चार. मी आजारी असल्याचे कळल्यावर ती म्हणाली, "वर्ष थांबवते आणि येते." थांबवले तर व्हिसाही जातो. माझ्याकडे बघायला नर्स आहे. माझे काही झाले तरी सुनेने परीक्षा सोडून येऊ नये. मेलेल्या माणसाला भेटायला उशीर होत नाही.

कलम पाच. भिंग घासायचे चाक आणि भिंगांची पेटी सुनेला. वापरायची नसतील तर विकावीत, आठवण म्हणून धूळ खात ठेवू नयेत. पुस्तके नर्सला, तिने पानांचे कोपरे दुमडणे सोडावे.

कलम सहा. पदवीच्या समारंभाला विद्यार्थ्याच्या घरची माणसे बोलावतात. माझी खुर्ची मी भावजींना देते. विमानाचे तिकीट गाळ्याच्या पैशांतून काढावे, फी भरून झाल्यावर. माहेरच्यांसकट सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा आयुष्याची कमाई आमच्या खात्यात ठेवायला तेच आले होते. बँकेत त्यांना घाम फुटलेला मी पाहिला आहे, तरी सही त्यांनी केली. हेही मृत्युपत्रात असायला हवे. भावजी, तिचे नाव पुकारतील तेव्हा उभे राहा, आणि टाळ्या इतरांपेक्षा जरा जास्त वेळ वाजवा. हे, मुलगा आणि मी, आम्ही तिघे असतो तर तेवढा आवाज झालाच असता.

या आधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वर खोडलेले शब्द मीच खोडले आहेत, शेजारी आद्याक्षर केले आहे. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

ठिकाण : राहते घर, दुकानाच्या वर
दिनांक : १४ जून

सही : (लिहून देणार)

साक्षीदार, दोघांच्या समक्ष सही झाली :
१. सही (डॉक्टर)
२. सही (शेजारचे घड्याळजी)