खालचा झरोका

१२ एप्रिल
पोचलो एकदाचे! मी, मनिषा, दोन बॅगा आणि तिचा लाडका कुकर, सगळं एकाच मोटारसायकलवर, पार चारठाण्याच्या पुढपर्यंत. मालक किशनरावांनी शेतातली खोली झाडून ठेवली होती. शेजारीच अळिंबीची खोली: गव्हाच्या काडाने भरलेल्या पिशव्या टांगलेल्या, भिंतींना ओलं गोणपाट, वर पंखा, खाली जमिनीलगत वीतभर झरोका. ज्वारी साठवायच्या जुन्या पेवावर बांधलीय, त्यामुळे बाहेर आग ओकणारं ऊन असलं तरी आत गारवा. कृषी पदविका घेऊन दोन वर्षं चपला झिजवल्या. आता पगार, खोली आणि ऑगस्टमध्ये आमचं बाळ. आणखी काय पाहिजे या सिद्धोधनला?

१५ एप्रिल
किशनरावांच्या आई कमलबाई गंमतच करतात. आधी अळिंबीच्या खोलीचं दार उघडं टाकतात, मग पेटता दिवा जमिनीवर ठेवतात, तो तेवला तरच आत पाय टाकतात. पेवातली कोंडलेली हवा माणूस मारते म्हणे. त्यांचे दीर मुंजाजी ज्वारी काढायला पेवात उतरले, ते जिवंत वर आलेच नाहीत.
"खालचा झरोका बुजवू नको लेकरा," म्हणाल्या. "भाऊजी तिथूनच दम घ्यायलेत."
मनिषाला सांगितलं तर म्हणते, मग भाडं तरी घ्या त्यांच्याकडून. पोट धरून हसलो.

१९ एप्रिल
सगळी झळ त्या झरोक्यातूनच शिरते. आर्द्रता साठावर आली, कोंब सुकायला लागले. पहिलंच पीक हातचं गेलं तर नोकरीही गेली. मेलेल्या माणसाच्या दमासाठी जिवंत पीक वाळवायचं का? ओलं गोणपाट ठासून झरोका बंद केला. कमलबाईंना बोललो नाही.

२३ एप्रिल
आर्द्रता कालपर्यंत नव्वद! छानच. पण आज पाणी न मारताही पंच्याण्णव, हे कळेना. अळिंबीचे देठ बोटभर लांब, टोप्या बटणाएवढ्या. खोलीत उच्छ्वासाची हवा साचली की असं होतं, शिकलोय मी. पण पंखा चालू आहे. आणि सगळे देठ दाराकडे वळलेत, जिथे मनिषा तोडणीला बसते.

२५ एप्रिल
मनिषाला दम लागतो. काल परभणीचे डॉक्टर म्हणाले, अळिंबीची भुकटी छातीत गेली असेल, तिथे जाऊ नका. तेव्हापासून मनिषा तिथे गेली नाही. तरी दम वाढतोय. दुपारी झोपली होती. श्वास घेतला आणि — सोडला नाही. मग सोडल्याचा आवाज आला. तिच्या बाजूने नाही. मला भीती वाटते.

२७ एप्रिल
मी बुजवलेला झरोका कमलबाईंनी पाहिला. आता भाऊजी दम कुठून घेतील, एवढंच म्हणाल्या. मी गोणपाट उपसलं. सकाळीच भिजवलेलं. चोखून टाकल्यासारखं कोरडं.

२८ एप्रिल
आर्द्रता पंच्याहत्तर. नवे कोंब सरळ. दिवा जमिनीवर ठेवला, तेवत राहिला. खोली मोकळी झालीय. सुटलो म्हणालो —
तो दम तिथे नाही, मग कुठे?

२९ एप्रिल
आर्द्रतेचं मापक घरी आणलं. दार-खिडक्या सताड उघड्या, बाहेर फुफाटा. तरी पंच्याण्णव. मनिषाच्या उशाशी भिंत ओली. ती उठत नाही. ओठ निळे. किशनराव गाडी घेऊन निघालेत —
दिवा उशाशी ठेवला. विझला. पुन्हा लावला. विझला —
मनिषाचा श्वास थांबलाय. छाती हलत नाही.
पोट हलतंय. संथ. वर — खाली — मोठ्या माणसाचा दम असतो तसं —