आई गावी असते

मंगळवार संध्याकाळ, डोंबिवली

पॉलिसीवाला आत्ताच गेला. मी नीच आहे, हे आधी लिहून टाकतो.

नोकरी सोडून एसी रिपेअरिंगचं स्वतःचं दुकान टाकलं, तसा कंपनीचा मेडिक्लेम गेला. त्यात आई होती. नव्या पॉलिसीत तिला घेतलं तर हप्ता दुप्पट, वर तिच्या शुगरसाठी पहिली तीन वर्षं काहीच मिळणार नाही. तीन वर्षं! तेवढी जगेल का ती, असा विचार मी खरंच केला. परवडत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून बोलून गेलो, "आई गावी असते, खडवलीला. तिचं नाव नको."

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"ह्या कोण?" त्याने विचारलं.

"मी ह्याची आई. कालच आलेय खडवलीहून. दोन दिवस राहून जाईन." हातातला ट्रे जरासुद्धा हलला नाही.

खडवलीचं घर विकूनच तर तिने मला दुकानाला पैसे दिले.

तो गेल्यावर ती तोच ट्रे विसळत होती. म्हटलं, "आई, तसं नव्हतं गं..."

ती म्हणाली, "सही घ्यायला परत कधी येणारे तो? मी तेव्हा देवळात जाऊन बसेन."

काहीतरी बोलायला हवं होतं ना मी? काहीही?

मी सांगितलं, "गुरुवारी, सहा वाजता."